खुडूक बसा गं सगळ्या

"बाईसाहेब, आपण श्वास घ्यायचं विसरलात. ही काय पद्धत झाली?"

रझिया सिस्टरांचं मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. बोलणं माझ्या मुलीशी चाललं होतं. मुलीचं वय दोन दिवस, वजन अकराशे पन्नास ग्रॅम. तिला यायला अजून अडीच महिने अवकाश होता, पण ती आली. मी काचेच्या पेटीबाहेर व्हीलचेअरवर बसले होते. आत मशीन किंचाळत होतं, पोरीचे ओठ जांभळे पडत चालले होते. आणि एक उंच, हाडकुळ्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या बाई पेटीच्या भोकातून हात घालून तिच्या तळपायाला टिचक्या मारत होत्या. एक, दोन, तीन. छाती हलली. मशीन गप्प झालं.

"हां. आता कसं! पुन्यांदा इसरायचं न्हाई. आपली आई बघतीय."

मग त्या माझ्याकडे वळल्या. "गाव कुठलं गं तुझं?"

"बेलापूर. श्रीरामपूरजवळचं."

"रडायचं आसंल तर बाहेर जा, बेलापूर. इथं वलं चालत न्हाई."

नगरच्या एका मोठ्या दवाखान्यात, कमी दिवसांच्या बाळांच्या कक्षात, मी चौतीस दिवस काढले. त्या चौतीस दिवसांत रझिया सिस्टरांनी मला एकदाही नावाने हाक मारली नाही. आयांना त्या गावाच्या नावानेच ओळखत. मी बेलापूर. शेजारच्या खाटेवरची मंजुळा अकोले तालुक्यातली, राजूरच्याही पुढच्या डोंगरातली, म्हणून ती राजूर. हिवरे बाजारची एक होती, ती नुसतीच हिवरे. आम्हाला अरे-तुरे, आणि बाळांना मात्र अहो-जाहो. प्रत्येक बाळाला एकेक हुद्दा. माझी मुलगी बाईसाहेब. हिवरेचा मुलगा मास्तर, कारण तो झोपेत कपाळाला आठ्या घाली. मंजुळाचा मुलगा सगळ्यांत हलका, नऊशे ऐंशी ग्रॅमचा. तो सरपंच.

"सरपंच, आपण काल शी केली न्हाई. गावकारभार कसा चालायचा?"

एकदा मी विचारलंच, की एवढ्याशा जिवाला अहो कशाला म्हणता? त्या माझी सुईची जागा पुसत होत्या. कापूस टाकत म्हणाल्या, "मोठी झाल्यावर मान सगळ्यांनाच मिळतो. ह्यातल्या कायकांना मोठं व्हायला सवडच न्हाई मिळत. मग कवा द्यायचा?" आणि लगेच, "एवढासा म्हणालीस. जा, हात धू."

कारण 'एवढासा' हा शब्द त्यांच्या कक्षात बंद होता. 'बिचारं' बंद होता. 'जगंल का हो' हे तर तोंडातून निघायच्या आत त्या बोट दाखवायच्या ते थेट बेसिनकडे. शिक्षा एकच, कोपरापर्यंत हात धुणे. आणि हात किती वेळ धुवायचे, तर घरी पोचेपर्यंत. म्हणजे नगरहून आपल्या गावाला जाणाऱ्या एस्टीचे थांबे मोठ्याने म्हणत धुवायचे. मी म्हणायचे, नगर, विळद, देहरे, राहुरी, देवळाली, बेलापूर. मंजुळाची गाडी लांब. ती हळू आवाजात राहुरी, कोल्हार, लोणी, संगमनेर करत अकोल्यापर्यंत जायची, तिथून राजूर, आणि राजूरपासून पुढे जीपनं. तोवर तिचे हात पांढरे फटक पडलेले असायचे. हिवरे बाजारची बाई एका दमात पोचायची.

"तुझं गाव लई जवळ हाय," सिस्टर तिला म्हणायच्या. "तू जाऊन परत ये."

सकाळी अकराला शाळा भरायची. कक्षाबाहेरच्या व्हरांड्यात दोन बाकं, त्यावर आम्ही आठ-नऊ जणी, कुणाचे टाके ताजे, कुणाला ताप, सगळ्यांचे डोळे सुजलेले. समोर सिस्टर, आणि त्यांच्या पायाशी एक पिशवी. पिशवीत लांब पायमोजे, प्रत्येकात किलोभर बाजरी भरून वर गाठ मारलेली. गाठीला लोकरीची टोपी. ही आमची सरावाची बाळं. प्रत्येकीने एक मोजा गाऊनच्या आत उराशी उभा धरायचा, वरून ओढणीनं बांधायचा आणि तासभर तसंच बसायचं. त्या पद्धतीला डॉक्टर कांगारू म्हणायचे.

"मी काय कांगारू बगितलं न्हाई," सिस्टर म्हणायच्या. "कोंबडी बगितलीय. कोंबडी अंड्यावर बसती तवा कुनी हाललं का म्हनून इचारत बसत न्हाई. गप बसती. खुडूक बसा गं सगळ्या."

आणि आम्ही खुडूक बसायचो. शिकलेल्या, न शिकलेल्या, तीन जणी पदवीधर, उराशी बाजरी बांधून. मोज्याची गाठ जरा खाली कलली की सिस्टर टाळी वाजवायच्या. "मान! मान बघ! गुदमारलं ना ते! आता सांग नवऱ्याला काय झालं ते." त्या हसत नसत. पहिल्या दिवशी हिवरेच्या मोज्याची मान कलली आणि ती बाई बाजरीच्या मोज्यासाठी हमसाहमशी रडली. सिस्टरांनी तिला रडू दिलं. मग म्हणाल्या, "बाजरीवर रडून घेतलं ते बरं झालं. आता चूक व्हायची न्हाई."

एकदा बाजरीत किडे झाले. त्यांनी सगळे मोजे गच्चीवर ओळीने मांडले. डॉक्टर एका नवीन डॉक्टरांना घेऊन राउंडला आले आणि त्यांनी विचारलं, आज आयांचा वर्ग नाही का? सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "पोरं उन्हात टाकलीत." नवीन आलेल्या डॉक्टरांचा चेहरा मी अजून विसरलेले नाही.

दूध काढायचं कसं, हेही अकराच्याच शाळेत. लाज कुठे ठेवायची हा प्रश्नच नव्हता. ती दारात चपलांबरोबर काढून ठेवायची. अंगठा कुठे, बोट कुठे, दाबायचं मागे, ओढायचं नाही. स्टीलच्या वाटीत थेंब पडायचे. पहिल्या दिवशी मला अर्ध्या तासात वाटीचा तळसुद्धा झाकता आला नाही. मी वाटी लपवायला लागले. सिस्टरांनी ती हातातून घेतली, उजेडात धरली.

"दोन मिली. बाईसाहेबांचं पोट केवढं? बोराएवढं. दोन मिली म्हंजी जेवन झालं. काय रडती?"

ते दोन मिली नळीतून मुलीच्या पोटात गेले तेव्हा मी पहिल्यांदा नीट जेवले.

माझ्या सासूबाईंचं आणि सिस्टरांचं पहिल्याच भेटीत वाजलं. सासूबाई बेलापूरहून मधाची बाटली घेऊन आल्या होत्या, कनवटीला लपवून. जिभेला बोट लावायचं एवढंच. सिस्टरांनी दारातच अडवलं.

"आक्का, काय हाय ते कमरेला?"

"काय न्हाई. तंबाखूची डबी."

"तंबाखू द्यायची काय नातीला?"

"मध हाय," सासूबाई म्हणाल्या. "माझी चार पोरं मधावर वाढली. तुमी कालच्या."

सिस्टर साठीला आलेल्या होत्या. त्यांनी मध काढून घेतला नाही, वादही घातला नाही. सासूबाईंना बाकावर बसवलं, हातात मोजा दिला आणि म्हणाल्या, "आक्का, सुनंला ताप हाय. आज नात तुमाला धरायचीय. आदी बाजरी धरून दावा." सासूबाईंनी तासभर बाजरी धरली. मग हात धुतले, दोन वेळा, बेलापूरपर्यंत. मग नात त्यांच्या उराशी बांधली गेली, नळीसकट. दोन तास ती बाई हलली नाही. पाय बधिर झाले, तहान लागली, तरी नाही. उठल्यावर मला म्हणाल्या, "लई गरम हाय गं. जिवंत हाय." मधाची बाटली त्यांनी परत नेली. नातीला आता साडेतीन वर्षं झाली, मधाच्या बाटलीत ती सगळी बोटं घालते.

मंजुळा शाळेतली सगळ्यांत हुशार विद्यार्थिनी होती. वय एकोणीस-वीस. बोलणं जवळजवळ नाहीच. पण मोज्याची मान तिने कधी कलू दिली नाही आणि दुधाची वाटी तिची सगळ्यांत आधी भरायची. सिस्टर तिची वाटी आम्हाला दाखवायच्या. "ही बगा राजूरची, भंडारदऱ्याचं धरन." मंजुळा पदराने तोंड झाकून हसायची. तिला हसताना मी तेवढंच पाहिलं.

बाराव्या दिवशी सरपंचांचं पोट फुगलं. सकाळी दूध थांबवलं, दुपारपर्यंत श्वासाची मोठी नळी घातली. डॉक्टर दोनदा येऊन मंजुळाशी बोलून गेले. तिने दोन्ही वेळा मान हलवली. सिस्टर त्या दिवशी पेटीजवळून हलल्या नाहीत. आम्ही काचेतून पाहत होतो. त्यांचं बोलणं ऐकू येत नव्हतं, पण ओठ हलताना दिसत होते.

चारच्या सुमारास मशीन बंद केलं आणि सिस्टरांनी नळ्या काढल्या. कोमट पाण्याने त्याला पुसलं, नवी टोपी घातली, पायात मोजे घातले. त्याला घेऊन बाहेर आल्या आणि मंजुळाच्या गाऊनचे बंद सोडून त्याला तिच्या उराशी उभा ठेवला, शिकवला होता तसा, मान सरळ. वरून ओढणी बांधली.

"बस," म्हणाल्या. "घाई न्हाई कुनाला."

तास गेला, दीड गेला. मग तिचा नवरा आणि सासू-सासरे त्याला गावी घेऊन गेले. मंजुळाला जाता आलं नाही. तिच्या पोटाचे टाके चिघळले होते, रोज पट्टी बदलावी लागत होती. ती माझ्या शेजारच्या खाटेवरच राहिली, जिथे सगळ्याजणी आपापल्या बाळाच्या दुधाच्या वेळा पाहत होत्या.

दुसऱ्या दिवशी अकराला शाळा भरली. तेच मोजे, तीच टाळी. "मान! मान बघ!" मी बाजरीचा मोजा मांडीवर ठेवून दिला आणि म्हणाले, "सिस्टर, आज तरी राहू द्या."

"का?"

"कालच तर—"

"काल सरपंच गेले. बाईसाहेब हायेत. मास्तर हायेत. उचल तो मोजा."

मी उचलला. पण मनातून उतरल्या त्या. संध्याकाळी सासूबाईंना मी म्हटलं, दगड आहे बाई. सासूबाई मंजुळाकडे पाहत होत्या.

मंजुळाचा गाऊन समोरून ओला झाला होता. कक्षात कुणाचंही बाळ रडलं की तिला दूध सुटायचं. छाती दगडासारखी घट्ट झाली होती, अंगात कणकण भरली होती. कुणी काही विचारलं नाही. आम्हाला दूध कसं आणायचं ते येत होतं. येणारं दूध कुणालाच नको असेल तर काय करायचं, हे कुणी शिकवलं नव्हतं. मला तिच्याकडे बघवत नव्हतं. खरं सांगायचं तर माझं बाळ घेऊन तिच्या समोर बसायची लाज वाटत होती. मी पडदा ओढून घेतला.

तिसऱ्या दिवशी दुपारी सिस्टर आल्या. अंगात पांढरा गणवेश नव्हता. साधी, धुऊन विटलेली सलवार-कमीज, डोक्यावर ओढणी. ड्युटी संपवून घरी जायच्या वेळेला त्या वॉर्डात आल्या होत्या, हातात थंड पाण्याचं भांडं आणि दोन फडकी. मंजुळाच्या खाटेवर बसल्या. मधे पडदा होता, पण ऐकू येत होतं.

"मंजुळा," त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून कुणाचंही नाव मी पहिल्यांदा ऐकलं. "दूध आनायला मीच शिकवलं तुला. आता थांबवायचंबी मीच शिकवनार. दुखनं कमी व्हईल. जरासं काढायचं, ठनका कमी व्हईपर्यंत. जास्त न्हाई. मग गार फडकं, आन् वरून घट्ट बांधायचं. आठवड्यात आटंल."

मग मंजुळा म्हणाली, "नका थांबवू."

"ताप चढंल गं."

"चढू द्या. हे बी आटलं तं मंग त्याचं काय ऱ्हातंय माज्यापाशी?"

रझिया सिस्टरांकडे कुठल्याही प्रश्नाला उत्तर असायचं. डॉक्टरांना असायचं, सासवांना असायचं. मी पडद्यामागे उत्तराची वाट पाहिली. फडकं पिळल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "बरं. आज नको थांबवायला. आज नुसता ठनका कमी करू."

आणि त्यांनी तिला वाटीत थोडं दूध काढून दिलं. त्या वाटीचं काय झालं, मी पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी मी पडदा ओढला नाही. दुपारी त्या पुन्हा आल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा. दर वेळी विचारायच्या, "आज?" मंजुळा मान हलवायची, नाही. थंड फडकं, थोडंसं दूध, गोळी, आणि मग त्या घरी जायच्या. पाचव्या दिवशी मंजुळा आपणहून म्हणाली, "बांधा आता." सिस्टरांनी सुती कापडाचा लांब पट्टा आणला होता. कदाचित पहिल्या दिवसापासून पिशवीतच असेल. त्यांनी तो आवळून बांधला, दोन पिना लावल्या, आणि पट्ट्यावर हात ठेवून तशाच बसून राहिल्या.

टाके सुकले तेव्हा तिचा नवरा न्यायला आला. धुतलेला शर्ट, हातात पिशवी, नजर फरशीवर. सिस्टरांनी त्याला बाकावर बसवलं. मोजा दिला नाही.

"घरी कुनी म्हनंल, देवाच्या मनात न्हवतं. ते बोलू द्यायचं न्हाई. कुनी म्हनंल, दुसरं व्हईल. तूबी म्हनायचं न्हाई. कळलं?"

"व्हय." त्याने पिशवी मांडीवर ओढली. "मंग काय म्हनू?"

सिस्टरांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, ओढणीने पुसला. "काय म्हनू नको. ती त्याच्याबद्दल बोलायला लागली की उठून जाऊ नको. एवढंच."

त्याने मान हलवली. मंजुळा निघाली. मी तिचा फोन नंबर घेतला. अजून कधीमधी बोलणं होतं. ती भाताच्या लावणीचं सांगते, पावसाचं सांगते. माझ्या मुलीचं विचारते. आपल्या मुलाबद्दल ती एकदाच बोलली, आणि नवरा तिथेच बसला होता, हे तिने मुद्दाम सांगितलं.

ती गेली त्या दिवशी दुपारी मी खाटेवर मुलीला उराशी घेऊन बसले होते. शेजारची खाट उघडी पडली होती, चादर काढून नेलेली. सिस्टर आल्या आणि त्या उघड्या गादीवर बसल्या. साध्याच कपड्यात होत्या. ड्युटी केव्हाच संपली होती. मी म्हटलं, "सिस्टर, मी तुम्हाला दगड म्हणाले होते."

"म्हनतात," त्या म्हणाल्या. "बेलापूर, एक इचारू? हसायचं न्हाई."

"विचारा."

"दूध उतरतं तवा नेमकं कसं व्हतं गं?"

मला वाटलं परीक्षा आहे. मी त्यांचंच वाक्य धडाधड म्हणून दाखवलं. मुंग्या आल्यासारखं वाटतं, छाती जड होते, मग गळायला लागतं.

"ते मीच शिकवलंय तुला. मी पुस्तकात वाचलं ते. तीस वर्षं झाली, पोरींना मुंग्या येतात म्हनून सांगती." त्यांनी गादीवरची एक सुरकुती हाताने सरळ केली. "तुला कसं व्हतं ते सांग."

आम्ही सगळ्याजणी धरूनच चाललो होतो, की ह्या बाईला चार-पाच पोरं असणार, नातवंडं असणार. त्याशिवाय का एवढं येतं! त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि दवाखान्याच्या वेळा सांगाव्यात तसं सांगून टाकलं, "मला न्हाई झालं काय. मालकांनी दुसरं घर केलं. तिकडं तीन हायेत. चांगली हायेत पोरं." मग म्हणाल्या, "राजूर म्हनली ना, नका थांबवू. मला काय म्हनायचं ते सुचलंच न्हाई. म्हनून इचारती."

मला सांगता येईना. मी मराठी शिकवते शाळेत, तरी शब्द सापडेनात. आधी घशाला कोरड पडते, म्हटलं. एकाएकी, खूप. मग खांद्यापासून खाली कुणीतरी सावकाश हात फिरवल्यासारखं. बाळ रडायच्या आधी कळतं. कधी ते तिथे पेटीत असतं, आपण इथे असतो, तरी कळतं. आणि थोडं रडू येतं, कारण काही नसतं.

"दुखून?"

"नाही. दुखत नाही."

त्या पुढे झुकून ऐकत होत्या, कोपरं गुडघ्यांवर, चष्मा डोळ्यांवर. माझ्या उराशी मुलगी हलली, तोंड उघडून काहीतरी शोधायला लागली. मी ओढणी सैल केली. गाऊनवर ओला डाग पसरत गेला. सिस्टर तो पाहत राहिल्या.

"हे आत्ता झालं?"

"हो."

"पुन्यांदा सांग," त्या म्हणाल्या. "सावकाश. आदी घसा, मग?"

मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.